सिनेमा न बघता कसं संतापावं?

धर्माची टिंगल करणारा विनोदी सिनेमा लागला, की पहिलं पथ्य पाळा: तो बघू नका. बघितला की घोटाळा होतो. आपण देवाच्या अपमानावर दातओठ खात बसायचं आणि पडद्यावर थट्टा चाललेली असते एखाद्या भोंदू बाबाची, नाहीतर आपल्यासारख्याच भक्ताची. त्यात हसू फुटलं तर? हसऱ्या तोंडाने निवेदन देता येत नाही.

बघणं टळतच नसेल, तर निदान उशिरा पोचा. याबाबतीत इंग्लंडमधल्या दोन थोरांचा कित्ता गिरवावा. 1979 साली मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी कंपूचा 'लाइफ ऑफ ब्रायन' हा सिनेमा आला. ब्रायन हा येशूच्या शेजारच्या गोठ्यात जन्मलेला साधा पोरगा. लोक त्याला बळंच मसीहा ठरवतात. 'तो मी नव्हे' म्हणत तो पळत सुटतो, पळताना पायातली वहाण गळते, तर भक्त तीच दैवी खूण म्हणून उंच धरतात. यावर बीबीसीवर वाद रंगला. एका बाजूला कंपूतले जॉन क्लीझ आणि मायकेल पेलिन, समोर पत्रकार माल्कम मगरिज आणि बिशप मर्विन स्टॉकवुड. या दोघांची सिनेमाची पहिली 15 मिनिटं हुकली होती, असं पायथनवाल्यांनी पुढे सांगितलं. येशू निराळा आणि ब्रायन निराळा, हे नेमकं त्या 15 मिनिटांतच दिसतं! पण बिशपसाहेबांचा आवेश बघा. शेवटी त्यांनी सुनावलंच, की तुम्हाला तुमची चांदीची 30 नाणी मिळतील. म्हणजे येशूला पकडून देणाऱ्या यहूदा या शिष्याचा भाव.

गावात थिएटर नाही म्हणून खट्टू होऊ नका. ब्रिटनमधल्या काही स्थानिक मंडळांनी हद्दीत एकही थिएटर नसताना बंदी घालून दाखवली. नॉर्वेनेही घातली. लगेच शेजारच्या स्वीडनमध्ये जाहिरात झळकली: इतका विनोदी, की नॉर्वेत बंदी आली. निर्मात्याचा जाहिरातखर्च वाचवणं हेही पुण्यच.

आपल्याकडे सोय आणखी चांगली आहे. धार्मिक भावना दुखावण्याविरुद्धचं 1927 पासूनचं कलम 295अ आता भारतीय न्याय संहितेत 299 झालंय. त्यात अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला असावा, अशी एक कटकट आहे. तेवढे शब्द बोटाने झाकून वाचावेत.

मग जुनी प्रकरणंही उकरा. एकनाथांच्या भारुडातली सून भवानीआईला रोडगा कबूल करते, कशासाठी? तर सासरा गावाला गेलाय, त्याला तिकडेच खपव म्हणून. तमाशाच्या गौळणीत वाट अडवणाऱ्या कृष्णाला मावशी खुशाल झापते. जनाबाई तर थेट 'अरे विठ्या' अशी हाक मारते, वर 'कारट्या'ही म्हणते. फिर्याद पंढरपुरात दाखल करायची झाली, तर आषाढीचा आठवडा तेवढा टाळा. पोलीस सगळे बंदोबस्ताला असतात, आणि आरोपींचे अभंग म्हणणारे लाखो लोक ठाण्यासमोरूनच जात असतात.