नाक दाबलं, पण तोंड का उघडलं नाही? खानापूरच्या वाचकांना उत्तर

नमस्कार. गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात असताना भारतानं १९५४-५५पासून केलेली त्याची नाकेबंदी फसली, असं मी लिहिलं होतं. त्या लेखाखाली तुम्ही चार मुद्दे मांडलेत. नाकेबंदीनंच पोर्तुगीज खिळखिळे झाले, तेव्हा ती 'फसली' म्हणणं हा सत्याग्रहींचा अपमान आहे, हा पहिला. इंग्रजांनी मिठाच्या करारानं गोवा मुठीत ठेवलाच होता, मग दिल्लीला का जमलं नाही, हा दुसरा. नेपाळचं नाक दाबलं की तोंड उघडतं, हा तिसरा. आणि गोव्याच्या सीमेलगत घाटमाथ्यावरच्या कॅसल रॉकहून चालणारा पोर्तुगीजविरोधी रेडिओ खरा की ऐकीव, हा चौथा.

सत्याग्रह आणि नाकेबंदी यांची गल्लत करू नका. १५ ऑगस्ट १९५५ला गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला निःशस्त्र माणसांनी गोळ्या झेलल्या. नाकेबंदी हा सरकारी हुकूम होता; परवाने, मनीऑर्डरी, मालगाड्या बंद करण्याचा. त्या हुकमाचा हिशोब मांडल्यानं हुतात्म्यांना कमीपणा येत नाही.

आता हिशोब. १९५४-५५पासून भारतानं गोव्याकडे जाणारा माल आणि पैसा आवळत नेला. मुंबईत नोकरी करणारे गोयंकार घरी पैसे पाठवायचे, ते अडले. ऑगस्ट १९५५नंतर कॅसल रॉकहून कुळेकडे उतरणारी रेल्वे थांबली. घाटावरची भाजी, बटाटा, तांदूळ बंद. दिल्लीचा अंदाज सरळ होता: गोव्यात पिकतं ते गोव्याला पुरत नाही, तेव्हा वर्ष-दोन वर्षांत लिस्बन बोलणी करायला येईल.

अंदाज चुकला तो मुरगावच्या बंदरापाशी. घाट बंद झाला, समुद्र उघडाच राहिला. बटाटे हॉलंडहून आले, तांदूळ पाकिस्तानातून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानमधून. बेळगावचा बटाटा दीड-दोन दिवसांत जिथं पोचतो तिथं युरोपातला बटाटा बोटीनं येत होता. महाग पडलाच, पण आला. दाबोळीला विमानतळ उभा राहिला आणि पोर्तुगीजांनी १९५५मध्ये काढलेल्या स्वतःच्या विमान कंपनीची विमानं कराचीला जाऊ लागली.

हे सगळं विकत घ्यायला पैसा कुठला? इथंच तुमच्या प्रतिक्रियेतली मोठी फट आहे. खनिजाचा उल्लेखच नाही. डिचोली, सत्तरी, सांगे भागातलं लोहखनिज ट्रकनं नदीकाठच्या धक्क्यावर, तिथून बार्जमध्ये, मांडवी-जुवारीतून थेट मुरगावला, आणि तिथून मोठ्या बोटीत. या वाटेवर भारताचा एकही रूळ, एकही नाका लागत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानचे पोलाद कारखाने पुन्हा पेटले होते, त्यांना खनिज हवंच होतं. नाकेबंदी घट्ट झाली त्याच वर्षांत निर्यात पटीपटीनं वाढली. परकीय चलन हाती आल्यावर आयात सैल झाली, आणि पणजी-मडगावच्या दुकानांत बेळगावला पाहायला न मिळणारी घड्याळं, पेनं, दारू दिसू लागली. मग तोच माल जंगलवाटांनी रात्री घाट चढून इकडे यायचा. तस्करी थांबवण्यासाठी लावलेल्या पहाऱ्यानंच तस्करीला भाव आला, हे सीमेवर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

तोटा झाला तो कुणाला? ज्यांचं पोट मनीऑर्डरीवर होतं त्या गोव्यातल्या घरांना, ज्यांचं कुलदैवत मंगेशी किंवा शांतादुर्गा त्या इकडच्या कुटुंबांना, आणि लोंढा-कॅसल रॉक मार्गावर ज्यांची हमाली, दलाली चालायची त्यांना. हुबळीपलीकडचा कापूस आणि खनिज पूर्वी याच रुळांवरून मुरगावला उतरायचं. तो माल दुसऱ्या बंदरांकडे वळला. पोर्तुगीज गव्हर्नरचं ताट रिकामं झालं नाही. रागाचा रोख मात्र भारताकडे वळला, आणि लिस्बनला प्रचाराला आयतं कोलीत मिळालं.

'खिळखिळे झाले' म्हणता, तर १९६१चं पाहा. १७-१८ डिसेंबरच्या रात्री भारतीय सैन्य आत शिरलं. बेळगावला जमलेली १७वी डिव्हिजन पूर्वेकडून, ५०वी पॅरा ब्रिगेड उत्तरेकडून. बेळगावजवळच्या सांबरा विमानतळावरून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचं रेडिओ केंद्र पाडलं. १९ तारखेच्या रात्री शरणागती. चार हजारांच्या आसपास पोर्तुगीज सैनिक होते, विमानवेधी तोफा नावापुरत्या, लढाऊ विमान एकही नाही. ते हरले ते सैन्यबळानं. उपासमारीनं हरायचे असते तर १९५६लाच हरले असते.

मिठाच्या कराराबद्दल तुमचा मुद्दा चांगला आहे, फक्त निष्कर्ष उलटा काढलात. १८७८चा इंग्रज-पोर्तुगीज करार १८८०पासून बारा वर्षं चालला. दोन्ही बाजूंची जकात उठली, गोव्याच्या मिठागरांचा ताबा इंग्रजांकडे गेला, बदल्यात पोर्तुगीजांना वर्षाला चार लाख रुपये ठरले. याच करारातून मुरगाव ते कॅसल रॉक रेल्वे निघाली. ती चालू झाल्यावर आपल्याकडचा माल वेंगुर्ल्याऐवजी मुरगावकडे उतरू लागला आणि वेंगुर्ल्याची कळा गेली. पण इंग्रजांना हे जमलं कशामुळे? गोव्याच्या मिठाचं मोठं गिऱ्हाईक घाटावर होतं. लमाणांचे तांडे बैलांवर लादून तेच मीठ वर आणायचे. गिऱ्हाईकच इंग्रजांच्या मुलखात, तर विक्रेत्याची मान आपोआप हातात. १९५५ला गोव्याचं गिऱ्हाईक ओसाकाला बसलं होतं. दिल्लीनं जपानवर दबाव आणून खनिज थांबवलं असतं, तर तुमचं म्हणणं मी मान्य केलं असतं. आणि १८९२ला करार संपला तेव्हा इंग्रजांच्या हाती जकातीची किल्लीही राहिली नाही.

नेपाळचं सरळ आहे. २३ मार्च १९८९ला व्यापार आणि वाहतुकीचे करार संपले, भारतानं सीमेवरचे दोन नाके सोडून बाकी बंद केले. काठमांडूत रॉकेलला रांगा लागल्या, कारण नेपाळला समुद्र नाही. त्याचं बंदर तेव्हा म्हणजे कोलकाता. म्हणून तिथं तोंड उघडलं. पण पुढचंही वाचा. २०१५ला सीमेवर पुन्हा कोंडी झाली आणि २०१६ला नेपाळनं चीनशी वाहतूक करार केला. भारतानं मग मोतिहारी ते अमलेखगंज ६९ किलोमीटरची तेलवाहिनी टाकली, २०१९ला ती सुरू झाली. दाबून जे मिळालं ते टिकवायला शेवटी पाइप टाकावा लागला.

रेडिओ खरा आहे, ऐकीव नाही. २५ नोव्हेंबर १९५५ला प्रक्षेपण सुरू झालं, आधी आंबोलीच्या जंगलातून, नंतर कॅसल रॉकहून. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई ते चालवत; पोर्तुगीज आणि कोंकणीत. दोन्ही जागा घाटमाथ्यावर, गोव्याच्या डोक्यावर, आणि पोर्तुगीज पोलिसांच्या हद्दीबाहेर. गोव्यात पोर्तुगीज सेन्सॉरमधून जी बातमी सुटायची नाही ती या केंद्रावर लागायची, आणि त्यासाठी ना परवाना लागायचा ना मालगाडी. १९६१पर्यंत ते चालू होतं. तुमच्या गावातल्या जुन्या माणसांनी ऐकल्याचं तुम्ही लिहिलंय, ते अगदी शक्य आहे. खानापूर तिथून फार लांब नाही.