1788 च्या ब्रिटिश हाफपेनी नाण्यावर एक स्टार दिलेल्या सरांना उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. "1788 चं पॅटर्न सांगून नकली माल गळ्यात मारला, त्या काळात एवढं गोल नाणं कुठून येणार, वर फोनवर गुर्मी" असं लिहिलंय तुम्ही. फोनचं आधी सांगतो, दुकानात गर्दी होती, मी तुटक बोललो, चुकलं, सॉरी.

पण नकली नाहीये हो ते. बर्मिंगहॅमजवळ सोहोला मॅथ्यू बोल्टनने वाफेच्या इंजिनावर प्रेस चालवून नाणी पाडायचा घाट घातला होता आणि सरकारने तांब्याच्या नाण्यांचं काम आपल्याला द्यावं म्हणून पॅरिसहून द्रोझ नावाचा कारागीर आणून त्याच्याकडून हाफपेनीचे नमुने, म्हणजेच पॅटर्न, करून घेतले, काम मिळालं थेट 1797 ला, तोपर्यंत हे नमुने नमुनेच राहिले. गोल कसं म्हणाल तर डायभोवती, म्हणजे नाण्याच्या ठशाभोवती, कॉलर म्हणजे एक कडं असतं, ठोका बसला की तांब्याला बाहेर पसरायला जागाच नसते. आपल्या मुंबई इलाख्याचे 1791 चे तराजूवाले पैसे पण सोहोलाच पाडलेत, दुकानात एक आहे, कधीही या आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.

आता जिथे तुमचं बरोबर आहे ते. तुमचा पीस रिस्ट्राइक आहे. 1850 च्या सुमारास सोहोचा पसारा मोडला, जुने डाय लंडनच्या टेलर नावाच्या माणसाच्या हाती लागले आणि त्याने कलेक्टर लोकांसाठी परत नाणी पाडली. म्हणजे डाय सोहोचेच पण ठोका कित्येक दशकांनी पडलेला. भिंगाखाली राजाच्या मानेपाशी बघा, बारीक पुरळ आल्यासारखे उंचवटे दिसतील, तो डायला चढलेला गंज. नाणंच गंजलं असतं तर खड्डे पडले असते, उंचवटे नाही. किंमत मी रिस्ट्राइकचीच लावली होती, पाकिटातल्या चिठ्ठीवर "टेलर" असं पेनाने लिहिलंयही, पण ऑनलाइन लिस्टिंगमध्ये तो शब्द टाकायचा राहिला आणि तुम्ही विकत घेतलं ते लिस्टिंग वाचून, चिठ्ठी वाचून नाही. ही चूक शंभर टक्के माझी. लिस्टिंग आज सुधारलंय.

पीस चिठ्ठीसकट परत पाठवा, पूर्ण पैसे देतो, कुरियर पण माझ्याकडे. फक्त कृपा करून पितांबरीने घासू नका, तुमच्या दुसऱ्या फोटोत कड जरा जास्तच चमकतेय म्हणून म्हटलं.