संसारी माणसाने बेसबॉल पाहावा

क्रिकेट पाहणाऱ्या नवऱ्याची मुंबईत काडीची किंमत नसते. तो काय बघतोय, किती वेळ बघणार आणि कोण आउट झाल्यावर जेवणावर राग काढणार, हे बायकोला, तिच्या आईला आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंनाही पाठ असतं. घरात आपल्याबद्दल जरा गूढ राहावं असं वाटत असेल, तर बेसबॉलला लागा.

वेळा तर खास तुमच्यासाठी ठरवल्यासारख्या आहेत. लॉस एंजेलिसला संध्याकाळी सात-दहाला सुरू होणारा सामना आपल्याकडे सकाळी सात-चाळीसला लागतो. म्हणजे नळाला पाणी असण्याची, डबे भरण्याची आणि कामवाल्या मावशींचा 'आज जमणार नाही'चा फोन येण्याची वेळ. अशा मोक्याला सोफ्यावर बसून राहायचं तर कारणही तितकंच भक्कम हवं. सामना न्यूयॉर्कचा असेल तर पहाटे साडेचारच्या सुमारास उठावं लागतं. तुम्ही उठलेले पाहून बायकोला वाटेल, पाणी भरायची उपरती झाली. तिचा हा गैरसमज दूर करायला जाऊ नका. बादली वाहू लागली की तो आपोआप दूर होतो.

हंगाम मार्चच्या अखेरीस सुरू होतो. एकेका संघाचे १६२ सामने, त्यात गौरी-गणपती येऊन जातात, आणि घराची साफसफाई निघते तेव्हा नेमक्या बाद फेऱ्या. 'नऊ इनिंग झाल्या की पंखे पुसतो' असा शब्द बिनधास्त द्यावा. बरोबरी सुटेपर्यंत खेळ थांबत नाही, हे सांगायची घाई नको. २०२५ च्या वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे अंतिम फेरीचा, तिसरा सामना आपल्या पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू झाला आणि अठरा इनिंग होऊन दुपारी बारा वाजून गेल्यावर संपला. तोही लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाच्या फ्रेडी फ्रीमनने होम रन मारला, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर धाडला म्हणून. पंखे कोणी पुसले, हा प्रश्न इथे गैरलागू आहे.

त्याच सामन्यात समोरच्या टोरंटोने डॉजर्सचा हुकमी फलंदाज ओहतानी याला चार वेळा मुद्दाम, न खेळवता, पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, जाऊ दिलं. समोरचा आपल्याला झेपत नाही हे ओळखून बिनशर्त वाट सोडायची, आणि वर त्याला डावपेच म्हणायचं! 'यंदा तुमच्या बहिणीला जेवढं दिलंत, तेवढं माझ्या भावाला देणार ना?' या प्रश्नाला हेच धोरण ठेवा. फक्त पाठोपाठ मैदानात कोण येतंय ते आधी बघा. बहुधा सासूबाई असतात.

पण बेसबॉलची खरी गोडी खुणांत आहे. तिसऱ्या बेसजवळ उभा असलेला कोच टोपीला हात लावतो, कान चोळतो, पट्टा चाचपतो, दंडावरून हात फिरवतो. यातल्या बहुतेक खुणा धूळफेक. ठरलेल्या एका खुणेनंतर जी येते ती खरी. चौदा हजार किलोमीटरवरून तुम्ही त्या ओळखायला शिकाल. दरम्यान, जूनच्या एखाद्या सकाळी बायको खिडकीशी येईल. आधी दोरीवरच्या कपड्यांकडे बघेल, मग आभाळाकडे, मग तुमच्याकडे. तुम्ही छान हसा. कपडे भिजल्यावर 'मग बोलायचं ना' म्हणायला मोकळे.

ह्यूस्टनच्या संघाने २०१७ साली कॅमेऱ्यावरून प्रतिस्पर्धी कॅचरच्या, म्हणजे फलंदाजामागे बसून कोणता चेंडू टाकायचा ते सुचवणाऱ्याच्या, खुणा चोरल्या आणि आपल्या फलंदाजाला कळावं म्हणून कचऱ्याचा डबा बडवला. डबा वाजला तर चेंडू कमी वेगाचा किंवा वळणारा, शांतता असेल तर सरळ अंगावर येणारा वेगवान. पुढे भानगड उघडकीस आली, मॅनेजरवर वर्षभराची बंदी आली, पन्नास लाख डॉलरचा दंड झाला. आपल्या स्वयंपाकघरात ही पद्धत राजरोस चालते आणि कोणाला दंड होत नाही. भांडी आदळतायत तोवर निवांत राहा, चेंडू अजून वळणावर आहे. कढई हळूच, आवाज न करता ओट्यावर ठेवली गेली की उठा. कुठे जायचं ते नंतर ठरवता येतं.

बाजारहाटाच्या कामीही हा खेळ फार दिलासा देतो. दहापैकी सात वेळा फसणारा फलंदाज तिथे उत्तम गणला जातो. टेड विल्यम्सची १९४१ सालची सरासरी .४०६, म्हणजे दहात जेमतेम चार, तरी लोक त्याचं नाव आजही आदराने घेतात. तेव्हा दादरच्या मंडईतून दहा जिनसांपैकी तीन बरोबर आणल्यात, मेथीऐवजी शेपू आला आणि नारळ राहूनच गेला, तर मान खाली घालू नका. सरासरी सांगा. सांगताना हातात शेपूची जुडी मात्र नको.

आणि बायकोला खेळ समजावून सांगणं, हे तर परमसुख. सुरुवात 'अगं, सोपं आहे' अशीच करावी. तिचे हात कणकेत असताना गाठावं, म्हणजे ती कुठे जात नाही. थेट इनफिल्ड फ्लायला हात घाला: पहिल्या-दुसऱ्या बेसवर धावपटू, दोनपेक्षा कमी आउट, सोपा उंच चेंडू उडाला की झेल घेण्याआधीच फलंदाज बाद, नाहीतर क्षेत्ररक्षक मुद्दाम झेल सोडून दोघांना टिपतील. मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या काढून ओट्यावर मैदान मांडा. ती कोपराने मोहरीची वाटी जरा मागे सरकवेल आणि म्हणेल, 'शॉर्टस्टॉप इतका पुढे नसतो.' तिकडे दुर्लक्ष करून हळदीकडे वळा.

मग टीव्हीकडे एक नजर टाकून ती म्हणेल, 'अहो, आता बाहेरचा टाकणार. कॅचर बघा कुठे सरकलाय.'

तुला कसं कळलं, असं चुकूनही विचारू नका. शाळेच्या सॉफ्टबॉल संघात ती कॅचर होती. आंतरशालेय स्पर्धांत डाव्या हाताचं बोट मोडलं, ते अजून पुरतं सरळ होत नाही. हे सगळं तिने बघण्याच्या कार्यक्रमातच सांगितलं होतं. तुम्हीच विचारलं होतंत, छंद काय म्हणून. तुमचं लक्ष तेव्हा पोह्यांत होतं. तेव्हा नुसतं 'हो का?' म्हणा, आवाज थोडा वाढवा, आणि चेंडू खरोखरच बाहेर पडला की पंचाला नावं ठेवा.