कोट्यवधींनी घेतली, पण मोजून घेतली

आयव्हरमेक्टिनच्या गोळीबद्दलचा एक संदेश सध्या फिरतो आहे. माझ्याकडे तो तीन जणांकडून आला. तिघेही शिकलेले, तिघांचाही हेतू चांगला. मजकूर थोडक्यात असा: ‘या औषधाला नोबेल मिळालं आहे. कोट्यवधी लोकांनी घेतलं, कुणाला काही झालं नाही. एकच गोळी सगळे जंत मारते. घरातल्या सगळ्यांनी दर तीन महिन्यांनी घ्या. तेलकट-तुपकट जेवणाबरोबर घेतली तर जास्त लागू पडते. चक्कर आली, अंग खाजलं तर समजा जंत मरताहेत. गोळी मिळाली नाही तर जनावरांची पेस्ट चालते, औषध तेच. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही.’

मी औषधशास्त्र शिकले आहे आणि या औषधाबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यामुळेच हा संदेश वाचून वाईट वाटलं. एकेक मुद्दा घेते.

‘नोबेल मिळालं, कोट्यवधींनी घेतलं.’ दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जपानमधल्या मातीच्या एका नमुन्यात सातोशी ओमुरा यांना एक जिवाणू सापडला. त्याच्यापासून विल्यम कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे औषध घडवलं. १९८१ मध्ये ते जनावरांसाठी बाजारात आलं, १९८७ मध्ये माणसांसाठी मान्य झालं आणि २०१५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. माणसांमध्ये ते आधी वापरलं गेलं ते काळ्या माशीच्या चावण्यातून पसरणाऱ्या रिव्हर ब्लाइंडनेस या आजारावर, ज्यात माणसं आंधळी होतात. १९८७ पासून ते या आजारासाठी फुकट वाटलं जातं.

पण ते वाटलं कसं गेलं, हे संदेशात नाही. प्रत्येक खेड्यात वजनकाटा नेणं शक्य नव्हतं, म्हणून वाटप करणारे उंची मोजायची एक काठी घेऊन जात. काठीवर चार पट्टे. ९० ते ११९ सेंटिमीटर उंचीला ३ मिलिग्रॅमची एक गोळी, १४० पर्यंत दोन, १५८ पर्यंत तीन, त्याहून उंच असेल तर चार. पहिल्या पट्ट्यालाही न पोचणाऱ्या मुलाला गोळी नाही. गरोदर बाईला नाही. बाळंत होऊन आठवडाही झाला नसेल तर नाही. खूप आजारी असलेल्याला नाही. संदेश ज्या कोट्यवधींचा दाखला देतो, त्यांच्यातल्या प्रत्येकाला गोळी हातात पडण्याआधी कुणीतरी त्या काठीशेजारी उभं केलं होतं. ‘घरातल्या सगळ्यांनी घ्या’ असं त्या मोहिमांमध्ये कुणीही म्हटलं नाही.

‘कुणाला काही झालं नाही’ हेही खरं नाही. मध्य आफ्रिकेत लोआ लोआ नावाचा एक जंत आहे, तो कधीकधी डोळ्याच्या बुबुळाशेजारून सरकताना दिसतो. ज्यांच्या १ मिलिलिटर रक्तात या जंताची ३०,००० हून जास्त पिल्लं होती, अशा काही जणांची शुद्ध हे औषध घेतल्यावर हरपली, काही दगावले. म्हणून अशा काही भागांत आता आधी बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पिल्लं मोजतात आणि संख्या जास्त निघाली तर त्या माणसाला गोळी देत नाहीत. चाळीसेक वर्षांच्या अनुभवातून आलेली ही खबरदारी आहे. माझ्या मते या औषधाचं खरं यश या शिस्तीत आहे.

‘एकच गोळी सगळे जंत मारते.’ नाही. स्ट्राँगिलॉइड्स नावाच्या जंतावर ती उत्तम चालते. खरजेच्या किड्यावर आणि उवांवर चालते. अंकुशकृमीवर तिचा प्रभाव कमी पडतो. फीतकृमीवर आणि यकृतातल्या चपट्या कृमींवर ती कामाची नाही. अमीबा आणि जिआर्डिया तर जंतही नव्हेत, एकपेशीय जीव आहेत, त्यांची औषधं वेगळी. रिव्हर ब्लाइंडनेसमध्येही ती जंतांची पिल्लं मारते, मोठे जंत दहा-पंधरा वर्षं शरीरात जगतात. म्हणून तिथे वर्षानुवर्षं गोळी द्यावी लागते.

यावर कुणी म्हणेल, मग फीतकृमीची वेगळी गोळी घेऊ. तीही आपल्या मनाने नको. डुकराच्या मांसातून येणाऱ्या फीतकृमीची अंडी पोटात गेली की तिची पिल्लं मेंदूत गाठी करून बसू शकतात, आणि माणसाला त्याचा पत्ताही नसतो. प्राझिक्वांटेल किंवा अल्बेंडाझोल ही जंताची औषधं घेतल्यावर या गाठी मरायला लागतात, भोवती सूज येते आणि झटके येऊ शकतात. डॉक्टर अशा वेळी आधी मेंदूचा स्कॅन करतात, सूज आवरण्यासाठी स्टेरॉइड देतात, मग जंताचं औषध. क्रम उलटा झाला तर औषधानेच माणूस रुग्णालयात जातो.

विषाणू आणि कर्करोगावरही हेच औषध चालतं, असं या संदेशाच्या काही आवृत्त्यांत जोडलेलं असतं. २०२० मध्ये काचपात्रातल्या पेशींवर कोविडच्या विषाणूविरुद्ध परिणाम दिसला होता, पण त्यासाठी लागलेली मात्रा माणसाच्या रक्तात पोचते त्यापेक्षा कितीतरी पट जास्त होती. पुढे माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांत उपयोग दिसला नाही. कर्करोग बरा झाल्याचा पुरावा माणसांमध्ये नाही.

‘दर तीन महिन्यांनी घ्या.’ कशासाठी? औषधाची रक्तातली मात्रा साधारण १८ तासांत निम्मी होते. काही दिवसांत ते शरीराबाहेर जातं. पुढच्या महिन्यात होणारा संसर्ग आज घेतलेली गोळी थांबवू शकत नाही. शाळांमधून जंताची गोळी ठरावीक काळाने देतात, हे खरं आहे. पण ती बहुधा अल्बेंडाझोलची किंवा मेबेंडाझोलची असते, आणि त्या भागातल्या किती मुलांना जंत आहेत हे पाहून तो निर्णय घेतलेला असतो. सारखं औषध देण्याचा परिणाम मेंढपाळांना चांगला ठाऊक आहे: मेंढ्यांच्या पोटातले काही जंत १९८० च्या दशकातच आयव्हरमेक्टिनला दाद देईनासे झाले.

खरजेबद्दल इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बऱ्याच गोळ्या तिथे वाया जातात. खरजेसाठी डॉक्टर एका किलोमागे २०० मायक्रोग्रॅम या हिशेबाने एक मात्रा देतात आणि ७ ते १४ दिवसांनी दुसरी. दुसरी का? तर औषध किड्यांना मारतं, त्यांच्या अंड्यांना नाही. मधल्या काळात अंडी फुटतात, त्यांच्यासाठी ती दुसरी मात्रा. बरेच जण पहिलीनंतर बरं वाटलं म्हणून दुसरी घेत नाहीत. उलट काही जण खाज थांबत नाही म्हणून तिसरी, चौथी, पाचवी घेत सुटतात. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते, कारण कातडीत उरलेल्या किड्यांच्या घाणीवर शरीर चिडलेलं असतं. त्याला खाजेचं औषध लागतं. घरातल्यांचे उपचार एकाच वेळी व्हायला हवेत, प्रत्येकाचे त्याच्या वजनानुसार. अंथरूण-कपडे गरम पाण्यात धुवायचे, धुता येत नसेल ते पिशवीत बांधून निदान तीन दिवस बाजूला ठेवायचं. हे राहिलं तर खरूज परत येते आणि दोष गोळीच्या माथी बसतो.

‘तेलकट-तुपकट जेवणाबरोबर घ्या.’ भरपूर चरबीच्या जेवणाबरोबर हे औषध रक्तात सुमारे अडीचपट जास्त शोषलं जातं, इथवर संदेशाचं बरोबर आहे. पण अडीचपट शोषलं जाणं म्हणजे न सांगता मात्रा वाढवणं. वेष्टनातली सूचना रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घेण्याची असते. खरजेत मात्र काही डॉक्टर मुद्दाम जेवणाबरोबर घ्यायला सांगतात, कारण तिथे औषध कातडीपर्यंत पोचायला हवं असतं. तुमच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते पाहा, नसेल लिहिलेलं तर विचारा.

‘चक्कर आली तर समजा जंत मरताहेत.’ मला सगळ्यात धोकादायक वाटतं ते हे वाक्य. रिव्हर ब्लाइंडनेसमध्ये पिल्लं मरताना खाज, ताप, गाठी सुजणं असं होतं, तेवढ्यापुरतं त्यात तथ्य आहे. पण तोल जाणं, गोंधळल्यासारखं होणं, धूसर दिसणं, सारख्या उलट्या, झटके ही औषध जास्त झाल्याची लक्षणं आहेत. हे औषध जंताच्या नसा आणि स्नायू लुळे पाडतं. आपल्या मेंदूत ते सहसा शिरत नाही, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांत त्याला बाहेर ढकलणारं एक प्रथिन पहाऱ्यावर असतं. कॉली जातीच्या अनेक कुत्र्यांत या प्रथिनात दोष असतो, त्यांना हे औषध जास्त मात्रेत जिवावर बेततं. माणसांतही असा दोष क्वचित आढळला आहे. आणि मात्रा फार वाढली की निरोगी माणसातही पहारा अपुरा पडतो. ‘जंत मरताहेत’ म्हणून अशा माणसाला घरी झोपवून ठेवलं, तर उपचाराची वेळ हातची जाते.

‘जनावरांची पेस्ट चालते.’ घोड्यांसाठीच्या एका प्रचलित नळीत ६.०८ ग्रॅम पेस्ट असते, १.८७ टक्के औषध. म्हणजे जवळपास ११४ मिलिग्रॅम, साधारण ५६७ किलोच्या घोड्यासाठी. ६० किलोच्या माणसाची एक मात्रा १२ मिलिग्रॅम. नळीच्या दट्ट्यावरची एकेक खूण ११३ किलो वजनाची असते, म्हणजे पहिल्याच खुणेपर्यंत दाबलं तरी जवळजवळ दुप्पट झालं. पाठीवर ओतायची द्रावणं आणि टोचायची औषधं तर तोंडावाटे घेण्यासाठी बनवलेलीच नसतात, आणि त्यांतले बाकीचे घटक माणसांवर तपासलेले नसतात.

‘चिठ्ठी लागत नाही.’ चिठ्ठी लिहिण्याआधी डॉक्टर जे विचारतात ते तुम्ही आपणहून सांगा: आजचं वजन, गरोदरपण किंवा अंगावर पाजतं बाळ, यकृताचा आजार, पूर्वी कधी आलेले झटके, मध्य आफ्रिकेत राहणं झालं असेल तर ते, आणि चालू असलेली सगळी औषधं. त्यातही रक्त पातळ करणारं वॉर्फरिन असेल तर नक्की सांगा, दोन्ही एकत्र घेतल्यावर रक्त गोठायला जास्त वेळ लागल्याच्या नोंदी आहेत. १५ किलोखालच्या मुलाला डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय देऊच नका.

आणि कुणी घेऊन बसलंच असेल, तर रागावू नका. उलटी काढायला लावू नका. गुंगी, तोल जाणं, झटका यांपैकी काहीही दिसलं तर लगेच रुग्णालयात न्या, आणि गोळ्यांची पट्टी किंवा ती नळी सोबत घ्या. दट्टा कुठल्या खुणेवर थांबलाय ते पाहून पोटात किती गेलं असेल याचा अंदाज तिथल्या डॉक्टरांना करता येतो.