‘नागपूरकराला ऊन काय शिकवता?’ या मजकुराला उत्तर

उन्हाळा लागला की इथल्या सायकल आणि रनिंगच्या गटांत एक मजकूर फिरू लागतो. आशय असा: ज्याने नागपूरचा मे काढला त्याला कुठलीही आयर्नमॅन (पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायची स्पर्धा) गरम वाटत नाही, वेगळी तयारी नको. भरपूर पाणी प्या, मीठ चाटा. वारा सुटला तर उलट गारच वाटतं, आणि जाताना वाऱ्याने खाल्लेला वेळ येताना परत मिळतो. घाम येतोय तोवर उष्माघाताची भीती नाही. हे वाचून नवी मुलं 1.9 किमी पोहणं, 90 किमी सायकल आणि 21.1 किमी धावणं, किंवा थेट याच्या दुप्पट अंतराला नाव नोंदवून मोकळी होतात. यातला शेवटचा दावा जिवावर बेतणारा आहे. बाकीचे स्पर्धा बुडवणारे.

आधी सवयीचं बघू. मेमध्ये इथे जो तो पहाटे पाचला बाहेर पडतो, आठच्या आत घरी येतो आणि दिवसभर कूलर नाहीतर एसीत बसतो. त्यात शहाणपणच आहे, पण त्याने उन्हाची सवय होत नाही. शरीराचं आतलं तापमान 38.5 अंशांच्या आसपास तासभर राहिलं आणि असं 10 ते 14 दिवस होत गेलं, तरच शरीर बदलतं. पहिल्या पाच-सहा दिवसांत रक्तातला प्लाझ्मा वाढतो, त्यामुळे तेवढ्याच मेहनतीला नाडी कमी वेगाने चालते. मग घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. हे सगळं कमावलेलं, उन्हातला सराव सुटल्यावर तीन-चार आठवड्यांत बहुतेक उतरून जातं. गोव्यातली 70.3 स्पर्धा (वरची 1.9-90-21.1 किमी अंतरं मिळून 70.3 मैल), 2019 मध्ये मिरामारला सुरू झालेली, ऑक्टोबर-नोव्हेंबरकडे असते. मेअखेरच्या नवतपात तापलेलं शरीर तोवर पुरत नाही.

शिवाय आपलं ऊन कोरडं आहे. कूलर मेमध्ये खोली गार करतो आणि पावसाळा लागला की नुसती ओल फेकतो, तेच घामाचं होतं. पेडलवर 200 वॅट लावले की अंगात साधारण 600 ते 700 वॅट उष्णता तयार होते. ती सगळी घामाने काढायची तर तासाला जवळपास लिटरभर घाम अंगावरच वाळला पाहिजे. गोव्याच्या दमट हवेत तो वाळण्याआधी गळतो. गळलेला घाम पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता मात्र अंगातच राहते. म्हणून स्पर्धेच्या तीन आठवडे आधी बंद खोलीत, पंखा न लावता, ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचं यंत्र) 60 ते 90 मिनिटं बसा. खोलीतली हवा आपोआप दमट होते. वॅट बघू नका, नाडी सोप्या पट्ट्यात ठेवा. घरात कुणीतरी असताना करा आणि गरगरलं की थांबा. शेवटच्या आठवड्यात दर तीन दिवसांनी एकदा पुरे.

‘भरपूर पाणी’ म्हणजे किती, हे तो मजकूर सांगत नाही. ते ज्याचं त्यानेच मोजायचं. कपड्यांशिवाय वजन करा, स्पर्धेच्या जोराने तासभर सायकल चालवा, अंग पुसून पुन्हा वजन करा. 68.4 किलोचे 67.5 झाले आणि मध्ये 600 मिली प्यायलात, तर तासाचा घाम दीड लिटर. (मध्ये लघवीला गेलात तर तेवढं वजा करा.) दीड लिटर दर तासाला पोटात मावत नाही, बहुतेकांना सायकलवर 750 ते 1000 मिली झेपतं आणि धावताना त्याहून कमी. वजन दोन-तीन टक्के घटलं तर चालतं. वाढता कामा नये. वजन वाढलं म्हणजे घामापेक्षा जास्त प्यायलात. रक्तातलं सोडियम 135 मिलिमोलच्या खाली गेलं की डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजून अंगठी घट्ट होते, पुढे भ्रम आणि झटके येतात. हा धोका सगळ्यात जास्त असतो तो सावकाश जाऊन वाटेतल्या प्रत्येक पाण्याच्या टेबलावर दोन-दोन ग्लास रिचवणाऱ्याला.

मग मीठ चाटून हे भरून निघेल का? तेही नाही, कारण कुठलंही पेय रक्तापेक्षा फिकंच असतं आणि जास्तीचं पाणी रक्त पातळ करतंच. मीठ हवं, पण मापात. एक ग्रॅम मिठात सुमारे 390 मिलिग्रॅम सोडियम असतं. घामात ते लिटरला कुणाच्या 300, कुणाच्या 1500. काळ्या जर्सीवर पांढरे नकाशे उमटत असतील तर तुम्ही वरच्या टोकाचे. ओआरएसवर सगळं भागवणारेही फसतात. लिटरभर ओआरएसमध्ये साखर फक्त 13.5 ग्रॅम, आणि तुम्हाला तासाला 60 ते 90 ग्रॅम कर्बोदकं लागतात. 750 मिलीच्या बाटलीत 60 ग्रॅम साधी साखर, पाव चमचा मीठ (दीड ग्रॅम) आणि लिंबू, हे बऱ्याच विकतच्या पुड्यांच्या तोडीचं होतं. एक बाटली रात्री फ्रीजरमध्ये अर्धी गोठवा, वरून सकाळी भरा. उन्हात तापलेलं गोड पाणी तासाभराने घशाखाली उतरत नाही आणि मग पिणंच थांबतं.

वाऱ्याने गार वाटतं हे सायकलवर बरंचसं खरं. पण त्वचा साधारण 35 अंशांची असते, हवा 42 ची असली की वारा अंगाला उष्णता देतो आणि जे गार वाटतं ते फक्त घाम वाळल्यामुळे. अंग कोरडं पडलं की लूच लागते. धावताना तर उलटंच होतं: ताशी 10 किमीच्या वेगाने धावताय, मागून 10 चाच वारा आहे, म्हणजे अंगाभोवती हवा हलतच नाही. अशा टप्प्यावर वेग आपणहून कमी करा, टोपीत बर्फ घाला, मानेवर ओला दुपट्टा टाका. बर्फ दोन्ही मुठीत धरला तरी फरक पडतो. खिशातला कांदा यातलं काहीच करत नाही.

‘जाताना गेलेलं येताना मिळतं’ हा हिशेब करून बघण्यासारखा आहे. मेच्या दुपारी अमरावती रोडने कोंढाळीकडे निघालात की पश्चिमेचा वारा तोंडावर येतो. समजा वारा नसताना तुमचा वेग ताशी 30 किमी. तेवढ्याच वॅटवर 15 च्या वाऱ्यात जाताना साधारण 22 मिळतील, येताना साडेएकोणचाळीस. 45 किमीला जाताना 2 तास 3 मिनिटं, येताना 1 तास 8 मिनिटं. एकूण 3 तास 11 मिनिटं, म्हणजे 11 मिनिटं गेली ती गेलीच, कारण वाईट वेगात तुम्ही जवळजवळ दुप्पट वेळ घालवता. आयर्नमॅनमध्ये हौशी स्पर्धकांना 12 मीटर अंतर ठेवावं लागतं, त्यामुळे कुणाच्या मागे लपताही येत नाही. ती 11 मिनिटं मान्य करा. समोरच्या वाऱ्यात ठरल्यापेक्षा पाच-दहा वॅट जास्त चालतील, 30-40 जास्त लावणारा शेवटी 21 किमी चालत काढतो.

याहून मोठी गडबड पाण्याची होते. टेबलं 20 किमीवर असली तर एरवी 40 मिनिटांनी येणारं टेबल समोरच्या वाऱ्यात 55 मिनिटांनी येतं. किलोमीटर मोजून पिणारा तिथेच सुकतो, आणि परतीला अर्ध्या तासाने टेबल आलं की पोट फुगवून घेतो. घड्याळात दर 15 मिनिटांचा गजर लावा आणि एक जास्तीची बाटली सीटमागे ठेवा.

आडव्या वाऱ्याचं थोडक्यात: हँडल हिसकावतं ते पुढचं चाक. 60 किलोच्या आतल्यांनी पुढच्या चाकाच्या रिमची खोली 40-50 मिमीच्या वर नेऊ नये. हवाईतल्या कोनाला (आयर्नमॅनची जागतिक स्पर्धा) तर मागचं डिस्क चाकही (आऱ्यांऐवजी बंद तबकडी) चालत नाही.

आता शेवटचा दावा. आळशी दुपारी घरात लागणाऱ्या उष्माघातात अंग कोरडं पडतं. मेहनतीने होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असतानाही आतलं तापमान 40 च्या वर गेलेलं असतं. घाम बघू नका, वागणं बघा: सरळ रेषेत चालता न येणं, विचारलेल्याला भलतंच उत्तर, उगाच चिडणं, अंगावर काटा येणं. असा माणूस दिसला की त्याला थांबवा, रुग्णवाहिका बोलवा, पण ती येईपर्यंत नुसतं सावलीत बसवून ठेवू नका. बर्फाच्या पाण्याचा टब असेल तर गळ्यापर्यंत बुडवा आणि डोकं धरून ठेवा. टब नसेल तर बर्फात भिजवलेले टॉवेल डोक्यावर, अंगावर, काखेत, जांघेत ठेवा, गरम झाले की लगेच बदला. आधी गार करायचं, मग दवाखाना. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरलं तर माणूस बहुधा वाचतो. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, आणि दुखतंय म्हणून वाटेत घेतलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी आधीच सुकलेल्या किडनीवर घाव घालते. त्या गोळ्या ट्रान्झिशनच्या (पोहण्यावरून सायकलवर, सायकलवरून धावण्यावर जायच्या जागेच्या) पिशवीत ठेवूच नका.