आडोसा मागता ना? मग तो द्या!

"जरा आडोशाला जाऊन पाज ना गं."

ठाण्यात आणि नवी मुंबईत हे वाक्य रोज कुठल्या ना कुठल्या ओल्या बाळंतिणीला ऐकावं लागतं. फलाटावर, रिक्षाच्या लाइनीत, दवाखान्याच्या बाकड्यावर, हॉटेलात. बोलणारी कधी शेजारची काकू असते, कधी वॉचमन, कधी बरोबर आलेला नवराच. आडोसा कुठे आहे, हे मात्र त्यातला एकही जण सांगत नाही, कारण तो नसतोच. डोकं फिरतं ते याने. बाईने अंग झाकावं ही सगळ्यांची अपेक्षा, आणि झाकायला लागणारी भिंत, पडदा, खुर्ची, पंखा यातलं काहीही द्यायला कुणी तयार नाही.

त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला. "एवढ्या लहान जिवाला घेऊन बाहेर पडायचंच कशाला?" अहो, हौस म्हणून कोण पडतं? सव्वा महिना उंबरठा ओलांडू नये म्हणतात, पण कावीळ चढतेय का ते बघायला तिसऱ्या ते पाचव्या दिवशी बाळाला डॉक्टरांकडे न्यावंच लागतं. सिझर असेल तर टाके दाखवायचे असतात. मग लसीचे डोस: दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. माहेर कळव्याला आणि नाव घातलेलं हॉस्पिटल वाशीला, असंही असतंच.

"घरून पाजून निघ" म्हणणाऱ्यांनी एकदा हिशोब मांडावा. नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पितं, म्हणजे दर दोन-तीन तासांनी. एकेका वेळी वीस मिनिटं सहज जातात, कधी पाऊण तासही. घोडबंदर रोडचं ट्रॅफिक, ठाणे स्टेशनचा पूल, वाशीपर्यंत अर्ध्या तासाची लोकल, डॉक्टरकडे नंबर, आणि हे सगळं पुन्हा उलट. यात बाळाला किमान दोनदा पाजावं लागणारच.

आणि कृपा करून "बाटली ठेव ना जवळ" म्हणू नका. पहिल्या काही आठवड्यांत बाटलीच्या बोंडाची सवय लागली की कित्येक बाळं अंगावर नीट धरत नाहीत. काढून ठेवलेलं दूध २५ अंशांपर्यंत चार तास टिकतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पहाटेसुद्धा २५ अंश नसतात. म्हणजे बर्फाच्या पिशव्या, उकळलेली वाटी, उकळलेला चमचा, हे सगळं वागवत फिरायचं. पावडरचं दूध तर ७० अंशांच्या पाण्यात कालवून मग निववायचं असतं. ते धावत्या लोकलमध्ये कोण करणार? वर, वेळेवर न पाजल्याने तिची छाती भरून दगड होते. दूध तटतं, गाठ धरते, थंडी वाजून ताप येतो. त्या यातना बाटली सुचवणाऱ्याच्या वाट्याला येत नाहीत.

आता आडोसा शोधत फिरण्याने नेमकं काय होतं ते बघा, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथेच आहे. बाळ भुकेचं आधी सांगतं. ओठ चाटतं, मूठ तोंडात घालतं, गाल जिकडे टेकेल तिकडे तोंड उघडून शोधतं. रडणं ही शेवटची पायरी. मुठीच्या वेळेला घेतलं तर बाळ शांतपणे धरतं आणि शेजारणीलाही कळत नाही. पण आई तेवढ्यात कोपरा शोधत पुलावरून पलीकडे गेली की दहा मिनिटं जातात. बाळ लालबुंद होतं, कमान टाकतं, धरत नाही, धरलं तरी सुटतं. ओढणी सरकते, अख्खा फलाट वळून बघतो. म्हणजे जे दिसू नये म्हणून तिला हाकललं, ते हाकलल्यामुळेच दिसतं.

दुसरी गोष्ट पान्ह्याची. गाय नवख्या माणसाला पान्हा चोरते, हे गोठ्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. बाईचंही शरीर तसंच आहे. बाळ चोखायला लागलं की ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक स्रवतं आणि मिनिट-दोन मिनिटांत पान्हा फुटतो. भीती, संकोच, अंगावर रोखलेल्या नजरा यांनी तो अडतो. छातीत दूध असतं आणि बाळाच्या तोंडात येत नाही. बाळ चिडून सोडतं, आणि "दूध पुरत नाही वाटतं हिला" असा शेरा मारायला तीच नजर रोखणारी माणसं पुढे असतात.

तरीही रोज बायका भर गर्दीत, कुणाला काही दिसू न देता पाजतात. ते कसब आहे आणि ते शिकावं लागतं, म्हणून नीट सांगायला हवं. वरून गळा उघडायचा नाही, खालून उचलायचं. आत खांद्यावर बारीक पट्ट्या असलेली बनियन किंवा स्लिप घाला. वरचा कुर्ता वर, आतली बनियन खाली. पोट, टाके, पट्टा काही उघडं पडत नाही. साडी असेल तर पुढे हुक असलेला ब्लाउज आणि त्याचे फक्त खालचे दोन-तीन हुक. ओढणी मलमलची किंवा पातळ सुती, अडीच मीटरची. ज्या बाजूला पाजायचं त्या खांद्यावर ती सेफ्टी पिनेने पक्की करा, पुढचा भाग बाळाच्या पाठीवरून घेऊन दुसऱ्या काखेत दाबा आणि खालचं टोक बाळाच्या ढुंगणाखाली सारा, म्हणजे वारा आला तरी उडणार नाही. वरची कड बोटाने थोडी पुढे धरायची. तुम्हाला वरून बाळाचं नाक आणि ओठ दिसायला हवेत. नाक-तोंड कधीही पूर्ण झाकू नका, आणि पिऊन झोपलं की कापड लगेच बाजूला करा.

आधी बाळाला धरवा, झाकाझाक त्यानंतर. घाईत उलटं केलं की बाळ अंदाजाने टोकालाच तोंड लावतं आणि दोन दिवसांत बोंडाला चिरा पडतात. बाळाचं पोट तुमच्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत, नाक बोंडासमोर. आ वासला की बाळाला छातीकडे आणायचं, आपण वाकायचं नाही. हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, भोवतालचा काळा भागही तोंडात. सिझरचे टाके ओले असतील तर बाळाचे पाय काखेखालून मागे जातील असं धरा, पोटावर भार येत नाही. एका बाजूने पाजताना दुसरी गळते. तिथे सुती घडी ठेवा, नाहीतर मनगटाने मिनिटभर दाबून धरा. स्टेशन आलं म्हणून बाळाला ओढून सोडवू नका. ओठाच्या कोपऱ्यातून करंगळी सारून हवा आत जाऊ द्या, मग ते आपणहून सुटतं.

लोकलमध्ये शेजारच्या डब्याशी जाळीचं पार्टिशन असेल तर तिथली सीट टाळा. खिडकी घ्या, पण गाडीच्या दिशेला पाठ करून बसा, म्हणजे वारा समोरून येऊन ओढणी उडवत नाही.

आता त्या बाजारात मिळणाऱ्या जाड पॉलिएस्टरच्या कव्हरबद्दल. ठाण्याच्या दमट उकाड्यात त्याच्या आत डोकावून बघा. बाळाचं जावळ कपाळाला चिकटलेलं असतं, मानेच्या वळीत घाम साचलेला, गाल तापलेले. बाळ चोखणं सोडून हातपाय झाडतं, कापड खेचतं. तो घाम कशासाठी? दुसऱ्याच्या डोळ्यांची सोय व्हावी म्हणून वीस दिवसांच्या बाळाने उकडून घ्यायचं? तुमची मान वळते. बाळाची अजून धरतही नाही.

आणि संडास दाखवणाऱ्यांना तर हात जोडून सांगणं आहे, ती जागा पुन्हा दाखवू नका. ओली फरशी, पिशवी अडकवायला खुंटी नाही, टेकायला पाठ नाही, बाहेर दार वाजवणारी रांग. वीस मिनिटं तिथे उभ्याने पाजून बघायला सांगा कुणाला तरी.

राहिला प्रश्न बाळाला पाजण्यासाठीच्या कक्षांचा. रायगडाचा कडा उतरून बाळाकडे धावलेल्या हिरकणीचं नाव आपण एसटी स्टँडवरच्या खोल्यांना दिलं. नाव चांगलंच आहे. पण ठिकठिकाणच्या अशा खोल्यांची अवस्था काय असते? दाराला कुलूप, नाहीतर आत झाडू, बादल्या आणि मोडक्या खुर्च्या. काचेचं दार, त्यावर अर्धाच चिकटवलेला कागद. पंखा नाही. आतून कडी नाही, आणि कडी नसलेल्या खोलीत कुठली बाई कुर्ता वर करेल? १ ते ७ ऑगस्ट स्तनपान सप्ताह असतो, तेव्हा फीत कापायला माणसं येतात. ८ तारखेला बाई बाळ घेऊन येते तेव्हा किल्लीवाला जेवायला गेलेला असतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की सार्वजनिक ठिकाणी पाजण्यात कलंक मानू नये आणि अशा सोयी उभ्या राहायला हव्यात. त्याआधी २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने पाजणं हा आईचा हक्क आहे असं म्हटलं. तेव्हा कुणी "इथे नाही पाजायचं" म्हणालं तर उठू नका. बाळाचं पिऊन होईपर्यंत तिथेच बसा.

खर्चाचं तर नाव काढू नका. एका आईला चार फूट बाय पाच फूट जागा पुरते. पाठ आणि हात असलेली एक खुर्ची, पायाखाली वीतभर उंचीचं स्टूल, पंखा, दिवा, दूध काढायच्या पंपासाठी एक प्लग, हात धुवायला नळ, लंगोट टाकायला झाकणाची बादली, आतून कडी. कॅमेरा नको. मॉलच्या एका दुकानाच्या ट्रायल रूमएवढंच काम आहे हे.

आणि तेही जमेपर्यंत, समोर कुणी पाजत असेल तर तिला खिडकीची सीट द्या, तिच्याकडे पाठ करून उभे राहा, पाण्याची बाटली पुढे करा. तिला तहान लागलेली असते, हात मोकळा नसतो. कक्षाचा ताबा ज्यांच्याकडे आहे त्यांनी आजच्या आज आतल्या बादल्या बाहेर काढाव्यात. कुलूप लावल्याशिवाय चालतच नसेल तर किल्ली कुणाकडे आहे आणि त्याचा मोबाइल नंबर काय, हे दारावर मोठ्या अक्षरांत लिहा. आणि तो फोन वाजला की उचला.