पेट्रोल होतं, पण पानेवाडीत

इंधनाच्या संपाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे ढकलला जातो. त्याचा आशय असा: अपघात करून पळणाऱ्या चालकाला नव्या कायद्यात ठेवलेल्या शिक्षेविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये ट्रक-टँकर चालकांनी संप केला तेव्हा तुटवडा नव्हताच. साठा मुबलक होता, सरकार तसं सांगतही होतं, पण बिनडोक लोकांनी पंपांवर झुंबड उडवली. चालक सात लाखांच्या दंडाच्या अफवेला भुलले. सरकारने दोन दिवसांत सगळं शांत केलं. पुढच्या वेळी रांगेतल्यांना दोन फटके द्या, म्हणजे झालं.

यातली एक गोष्ट अर्धी खरी आहे, तिच्याकडे येतोच.

‘साठा मुबलक होता.’ होता ना. कुठे होता, ते विचारा. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. मुंबईहून तिथवर माल पाइपलाइनने येतो आणि चालकांनी संप केला म्हणून पाइप काही थांबत नाही. अडतं ते त्याच्या पुढे, डेपोच्या फाटकापासून पंपाच्या जमिनीखालच्या टाकीपर्यंत. एवढा टप्पा टँकरच करतो, आणि टँकरवाला १ जानेवारीला गाडी कडेला लावून खाली उतरला होता. पंपवाला टाकीत काठी घालून डीप, म्हणजे किती माल उरलाय ते, बघतो, त्या काठीला पानेवाडीचं पेट्रोल लागत नाही. म्हणजे ‘साठा मुबलक आहे’ हे उत्तर खरं, पण ते भलत्याच प्रश्नाचं. लोक विचारत होते, उद्या सकाळी आमच्या पंपावर टँकर येणार का? राज्याच्या पुरवठा खात्याने पुरवठा अडू नये म्हणून पोलिसांना कळवलं, ते योग्यच केलं. पण कोणत्या भागात टँकर कधी पोचेल, हे सांगणारं कोणी भेटेना. नुसतं ‘घाबरू नका’ ऐकलं की ज्याला संपाचा पत्ताही नव्हता तोसुद्धा किल्ली घेऊन निघतो.

आता ‘बिनडोक लोक’. एक साधा हिशेब करून बघा. समजा, एका पंपाची हजार दुचाकीस्वार गिऱ्हाइकं आहेत. प्रत्येकाला दिवसाला एक लिटर लागतं आणि कोणत्याही वेळी सरासरी तीन लिटर टाकीत असतं. पंपाचा रोजचा खप हजार लिटर. एका संध्याकाळी सगळ्यांनी दहा लिटरची टाकी फुल्ल करायची ठरवली, तर माणशी सात लिटर, म्हणजे सात हजार लिटर. आठवड्याचा माल काही तासांत संपला. यात साठेबाज कोण? कॅन नाही, पिंप नाही, काळाबाजार नाही. प्रत्येकाने स्वतःच्या गाडीची टाकी भरली, बस. आणि पंप ड्राय झाला.

संपाच्या संध्याकाळी मीही रांगेत होतो. माझ्या पुढे घरपोच जेवण पोचवणारा एक पोरगा, पाठीला ती चौकोनी पिशवी, एका हाताने मोबाइलवर ऑर्डर नाकारत होता. ‘दादा, उद्या नाही मिळालं तर उद्याची रोजी गेली,’ एवढंच बोलला. मागे एक काका पाण्याची बाटली घेऊन उभे होते. पंपावरच्या माणसाने बाटली बघून लांबूनच हात हलवला. आमच्या पुढे सात-आठ गाड्या असताना गन जागेवर गेली आणि ऑइलच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मार्करने लिहून लावलं : पेट्रोल नाही. त्या पोराला मूर्ख म्हणायची माझी तरी हिंमत नाही. त्याच्या जागी तुम्ही काय केलं असतं?

अफवेचं मात्र अर्धं खरं. सात लाखांचा आकडा कायद्यात नाही. तिथे नुसता ‘दंड’ आहे. पण दहा वर्षांची कैद आहे, आणि ती अफवा नव्हती. जुन्या दंड संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर कमाल शिक्षा दोन वर्षं होती. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये ती पाच झाली, आणि पोलीस किंवा दंडाधिकाऱ्याला लवकर न कळवता पळून गेलेल्या चालकासाठी पोटकलम २ मध्ये दहा. चालकांचं म्हणणं होतं, थांबलो तर जमाव ठार मारेल. ही सबब म्हणून उडवून लावण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ वाचा : जखमीला मदत करायचं बंधन घालताना जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर, अशी सूट तिथे आधीपासून लिहिलेली आहे. पळालेल्या चालकाने पुढच्या ठाण्यात जाऊन कळवलं तर काय, हे सोप्या भाषेत आधी सांगितलं असतं तर सात लाखांच्या गप्पांना एवढी जागा मिळाली नसती.

‘दोन दिवसांत शांत केलं’ हेही बघू. २ जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिवांनी वाहतूकदारांच्या संघटनेशी बोलून सांगितलं की ही तरतूद चर्चेनंतरच लागू होईल. हेच वाक्य विधेयक मंजूर झालं तेव्हा, डिसेंबरमध्ये, बोलता आलं असतं. पुढे १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली ती हे पोटकलम वगळून. तक्रार नुसत्या अफवेची असती तर वगळलं कशाला?

काहींचं उलट म्हणणं असतं : सरकारने आधीच ‘भरून ठेवा’ सांगायचं. तो प्रयोग ब्रिटनमध्ये मार्च २०१२ मध्ये झालाय. टँकरचालकांनी संपाच्या बाजूने मतदान केलं होतं, तारीख जाहीर नव्हती, शिवाय तेव्हाच्या कायद्याने सात दिवसांची नोटीस द्यावी लागायची. तरी फ्रान्सिस मॉड या मंत्र्यांनी गॅरेजमध्ये थोडं पेट्रोल कॅनमध्ये ठेवा, असा सल्ला दिला. रांगा लागल्या, पंप रिकामे झाले, यॉर्कमध्ये एक बाई स्वयंपाकघरात पेट्रोल ओतताना भाजली. संप शेवटपर्यंत झालाच नाही.

मला विचाराल तर चंदीगडने केलं ते बरं. २ जानेवारीला तिथल्या प्रशासनाने दुचाकीला २ लिटर, चारचाकीला ५ लिटर अशी मर्यादा घातली. कटकटीचं खरं, पण वरच्या हिशेबातली हजार माणसं दोन-दोन लिटर घेऊन गेली असती तर पाच हजार लिटर टाकीत उरलं असतं.

राहता राहिले फटके. तो डिलिव्हरीवाला पोरगा पुठ्ठा लागल्यावर गाडी ढकलत पुढच्या पंपाकडे गेला. माझी टाकी अर्धी भरलेली होती आणि दुसऱ्या दिवशी मला कुठे जायचंही नव्हतं. यादी करायचीच असेल तर सुरुवात माझ्यापासून करा.